गुरुजी, अर्ज लिहायला शिकवलंत, त्याबद्दल

आदरणीय गुरुजी,

सादर नमस्कार. तुमचे आभार घरी येऊन मानले असते, तर तुम्ही चहा पाजून विषय बदलला असता. म्हणून हे उघड पत्र. तुम्ही शिकवलेलं आणखी चार गावांच्या कामी यावं, हाही हेतू आहेच.

रस्ता उखडला की पुढाऱ्यांना नावं ठेवणारे गावोगावी भेटतात. तुम्ही आम्हाला नेमका कागद मागायला शिकवलंत. ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ असं माहितीच्या अधिकारात विचारलं, तर ‘ही बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं, आणि ते कायद्याला धरून असतं. माहिती म्हणजे दप्तरात असलेली नोंद. म्हणून कामाचं नाव आणि आर्थिक वर्ष लिहून अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं नोंदवायची सरकारी वही) त्या कामाची पानं आणि अंतिम देयक, म्हणजे शेवटचं बिल, यांच्या प्रती मागायच्या. एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम ६(२) मध्येच तसं म्हटलंय. आणि पोहोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, हे तुमचं पालुपद.

मोजमाप पुस्तिका कशी वाचायची, हे तर कुठल्याच शिबिरात कुणी इतकं उलगडून सांगत नाही. लांबी, रुंदी, जाडी असे रकाने असतात. २०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड, म्हणजे ९० घनमीटर काँक्रीट. लांबी-रुंदी कुणीही टेप लावून तपासू शकतो, त्यामुळे तिथे गडबड करायचं धाडस सहसा होत नाही. जाडी मात्र काँक्रीट पडलं की झाकली जाते. ती १० सेंटिमीटरच निघाली, तर काँक्रीट ६० घनमीटर भरतं; बिल ९० चं आणि एक तृतीयांश माल आलेलाच नाही. फक्त कडेची जाडी मोजून आरोप करू नका, कड मुद्दाम जाड ठेवलेली असू शकते, हेही तुम्हीच बजावलंत. मधल्या भागाची कोअर टेस्ट, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढून केलेली तपासणी, लेखी मागायची, आणि तीही दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषांना ठेकेदार जबाबदार असतो ती मुदत, संपायच्या आत. तोवर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने करून घेता येते. मुदत टळली की तोच खड्डा पुन्हा गावाच्या निधीतून बुजवावा लागतो.

३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर तो नकार समजायचा आणि पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथे फार वेळ जातो, म्हणून तुमचा भर दप्तर पाहण्यावर. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. हे माहीत असणारे फार थोडे, आणि वही घेऊन जाणारे त्याहून थोडे.

ग्रामसभेचंही तसंच. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, १५ टक्के मतदार किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग मोजक्या माणसांत मोठमोठे ठराव मंजूर होतात. घरी बसलेला प्रत्येक जण त्या ठरावाला हातभार लावत असतो. हे तुम्ही कुणाला न दुखावता, दारोदार जाऊन सांगितलंत. आपला विषय सभेच्या आधीच लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. हजेरीच्या शेवटच्या सहीखाली रेघ ओढा, म्हणजे मागून नावं घुसडता येत नाहीत. आणि इतिवृत्त सभेतच वाचून दाखवायला सांगा. या तीन सवयींनी जे साधतं, ते आरडाओरड्याने साधत नाही.

आणि एका गोष्टीसाठी मनापासून ऋणी आहोत. तुम्ही एकट्याच्या नावाने अर्ज करू दिले नाहीत. तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. जमिनींचे गैरव्यवहार त्यांनी माहिती अधिकारातून बाहेर काढले होते. गाव प्रश्न एकाच माणसावर सोपवतं, तेव्हा त्याला गाठणं सोपं होतं. म्हणून अंदाजपत्रक एकाने मागायचं, देयक दुसरीने, मोजमाप पुस्तिका तिसऱ्याने, अशी वाटणी तुम्ही लावून दिलीत. बचत गटातल्या बायकांनी आपापल्या नावाने अर्ज दिले, याचं मोल आम्ही जाणतो.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी पाणीपुरवठ्याच्या खर्चाचा विषय लेखी देतो आहोत. अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे. लाल पेनाने तपासून द्यावा, ही विनंती.

आपले नम्र,
समस्त ग्रामस्थ