पावलोव्ह यांना नोबेल घंटेसाठी नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घंटा वाजली की खाणे येणार या सवयीने कुत्र्याची लाळ गळते, या प्रयोगासाठी रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले, असे आपल्या पुरवणीतील टिपणात म्हटले आहे, ते बरोबर नाही. १९०४ सालचे ते पारितोषिक पचनक्रियेवरील संशोधनासाठी होते. (वर्गात मीही वर्षानुवर्षे घंटेचीच गोष्ट सांगत आलो, तेव्हा दोष एकट्या टिपणकाराचा नाही.)

पूर्वी प्राण्याला फाडून अवयव पाहत, आणि वेदना व रक्तस्रावात त्या अवयवाचे नेहमीचे काम बिघडून जाई. पावलोव्ह यांचा शस्त्रक्रियेत हातखंडा होता. ते जखम भरू देत आणि मग हिंडत्याफिरत्या कुत्र्याचे महिनोन् महिने निरीक्षण करीत. अन्ननलिकेला गळ्याशी तोंड पाडल्यामुळे गिळलेला घास बाहेर पडे, पोटात कणही जात नसे, तरी काही मिनिटांत जठररस पाझरू लागे. मात्र मेंदूकडून जठराकडे येणारी व्हेगस चेतातंतूची जोडी छेदली की तो पाझर थांबे. ताटात तळलेला बांगडा पडला की आपल्या तोंडाला पाणी सुटते. ते पोटालाही सुटते, हे त्यांनी असे दाखवून दिले.

नुसत्या खाणे आणणाऱ्या माणसाच्या चाहुलीनेही लाळ का गळते, हा प्रश्न याच कामातून पुढे आला आणि पुढची तीन दशके त्यांनी त्याला वाहिली. तेथेही घंटेपेक्षा मेट्रोनोमची (संगीताचा ठेका मोजणाऱ्या यंत्राची) टिकटिक अधिक वापरली गेली.

आम्हा चिपळूणकरांना मात्र त्यांचे वेगळेच निरीक्षण जवळचे वाटावे. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला (आजचे सेंट पीटर्सबर्ग) महापूर आला, प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरले आणि त्यांना कसेबसे वाचवण्यात आले. त्यानंतर काही कुत्री शिकवलेले सारे विसरली होती, आणि त्यांतील एक सावरल्यावर दाराखालून पाण्याची बारीक धार सोडताच पुन्हा तसेच बिथरले. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या शेजारच्या कुत्र्याने माळ्यावर रात्र काढली होती. अजूनही पागोळ्यांचे पाणी पडवीत शिरले की ते जेवण टाकून माळ्याच्या शिडीखाली जाऊन उभे राहते.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, चिपळूण