मशीन न उघडता घेतलेले ऑइल सीलचे पैसे परत करा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : चेनसॉचे ऑइल सील न बदलता बिलात लावल्याबद्दल आणि धोकादायक अवस्थेत मशीन परत दिल्याबद्दल.

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनला लावलेला अकरावा फोन आत्ताच ठेवला. बारावा लावणार नाही. जे आहे ते लेखी.

मशीन तुमच्याच कंपनीचं आहे, ५० सीसी, चेन ज्यावरून फिरते तो बार २० इंची, २०१३ सालचं. मी ते वापरलेलं घेतलं आणि हे पहिल्या दिवसापासून सांगत आलोय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धनवरून गेलं, तेव्हा वाडीतल्या सुपाऱ्या एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या. विहिरीकडे जायलासुद्धा वाट नव्हती. कोयत्या-कुऱ्हाडीने किती तोडणार? त्या दिवसांत दापोलीच्या एका बागायतदारांकडून ₹११,००० ला हे मशीन आणलं. तेव्हापासून तेच चालतंय. माझ्याकडून हयगय नाही. लिटरमागे २० मिली तुमचंच टू-टी ऑइल. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल येतं म्हणून पावसाळ्यात टाकी रिकामी करून, कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवून मगच ठेवतो. दर दुसऱ्या टाकीला चेनला ४.८ मिमीच्या कानसेने धार, बारची खाच साफ, ऑइलचं भोक तारेने मोकळं.

या जानेवारीत दोष सुरू झाला. थंड मशीन चांगलं चालतं. दहा-पंधरा मिनिटं कापलं, इंजिन तापलं की रेस आपोआप चढते, सोडली तरी उतरत नाही आणि आयडलला चेन फिरत राहते. मी आधी घरीच बघितलं. पेट्रोलची नळी बदलली, टाकीतला फिल्टर बदलला, एअर फिल्टर धुतला, प्लगची गॅप ०.५ ठेवली, कार्बोरेटरला नवं डायफ्राम किट घातलं. फरक पडला नाही. म्हणजे हवा दुसरीकडून आत शिरतेय. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या शाफ्टवरच्या चाकाच्या, मागे रबरी सीलपाशी तेलात भिजलेला भुसा चिकटलेला दिसत होता. तुम्हाला हे समजावून सांगायला नको. सीलमधून जास्तीची हवा ओढली की हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, पेट्रोलबरोबर जाणारं ऑइलही कमी पडतं, आणि पुढचा बळी पिस्टनचा असतो. माझ्याकडे फ्लायव्हीलचा पुलर नाही आणि इंजिनमधून हवा कुठून गळते हे बघायच्या प्रेशर टेस्टचं साधन नाही. म्हणून, आणि फक्त म्हणून, ४ एप्रिलला तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला मशीन दिलं. जॉबशीटवर माझ्यासमोर लिहून घेतलं : दोन्ही बाजूंचे ऑइल सील बदलणे, प्रेशर टेस्ट करणे.

२६ दिवस मशीन तिथे होतं. ३० एप्रिलला मिळालं. बिल असं : ऑइल सील २ नग ₹४८०, सील बदलण्याची मजुरी ₹७५०, कार्बोरेटर किट ₹६२०, जनरल सर्व्हिस ₹५००, करासह ₹२,७७३. कार्बोरेटर किट मी जानेवारीतच घातलं होतं आणि तेही सांगितलं होतं. तरी पैसे भरले, कारण सील बदलले असं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी वाडीत पुतण्या पडलेला फणस कापत होता. पाव तास कापून झाल्यावर त्याने रेस सोडली आणि मशीन खाली ठेवायला वाकला. चेन थांबली नव्हती. त्याच्या पँटचा पाय गुडघ्याखाली वीतभर फाटला. कातडीला लागलं नाही, ते केवळ नशीब. रेस सोडल्यावर चेन फिरता कामा नये, हे तुमच्याच माहितीपुस्तिकेत लिहिलेलं आहे ना? मग २६ दिवस ठेवून, सर्व्हिस केली असं लिहून, ते मशीन त्याच अवस्थेत माझ्या हातात कसं दिलंत?

त्या संध्याकाळी मी कव्हर उघडलं. मशीन देण्यापूर्वी सुनेची लाल नेलपॉलिश घेऊन दोन खुणा केल्या होत्या. एक फ्लायव्हीलच्या नटावरून फ्लायव्हीलवर उतरणारी रेघ, दुसरी क्लचवरून शाफ्टच्या टोकावर. दोन्ही रेघा अखंड होत्या. कुठे केसाएवढी चीर नाही. फ्लायव्हील न काढता त्या बाजूचा सील निघत नाही, आणि उलट्या आट्यांचा क्लच न काढता दुसरा निघत नाही. सीलपाशी तोच काळा, तेलकट भुसा होता. तुमच्या लोकांनी फक्त आयडलचा स्क्रू कमी केला, मशीन थंड असताना दोन मिनिटं चालवलं आणि बिल फाडलं.

हे सगळं आज अकराव्यांदा सांगत होतो. फोनवरचा मुलगा म्हणाला, "काका, सील बदलले नाहीत हे तुम्हाला कसं कळलं?" मी खुणांचं सांगितलं. तो थांबला. मग म्हणाला, "नेलपॉलिश? तुम्ही मशीनला नेलपॉलिश लावली?" मी हो म्हटलं, खूण म्हणून. त्यावर त्याने शेजारच्या कुणाला तरी सांगितलं, "अरे ऐक, काका मशीनला नेलपॉलिश लावतात." आणि दोघं हसले. फोन बंद करून नाही, मला ऐकू येईल असे हसले. मी ६२ वर्षांचा माणूस. हातात बिल घेऊन ओटीवर उभा होतो आणि समोर पुतण्या बसला होता, ज्याचा पाय थोडक्यात वाचला. मी गप्प राहिलो. हसू आवरल्यावर तो म्हणाला, "मशीन सेकंड हँड आहे ना? मग कंपनीची जबाबदारी नाही. पहिल्या मालकांना फोन करायला सांगा." मी म्हटलं, ते गेल्या वर्षी वारले. तर म्हणाला, "मग त्यांच्या घरच्यांना सांगा."

वारलेल्या माणसाच्या घरच्यांनी फोन करायचा? माझ्या सीलसाठी? ते बिल माझ्या नावावर आहे. पैसे मी दिले. मशीन कुणाकडून घेतलं याचा या तक्रारीशी काडीचा संबंध नाही. मी वॉरंटी मागत नाही, फुकट काही मागत नाही. जे काम केलं असं लिहून पैसे घेतले, ते काम झालेलंच नाही. पुन्हा लिहितो, कारण अकरा फोनमध्ये एकानेही हे टिपून घेतलं नाही : सील बदललेले नाहीत.

याच सर्व्हिस सेंटरमध्ये मला दोनदा सांगितलं गेलं की हे भंगारात द्या, नवीन मॉडेलवर सूट आहे. १२ वर्षांचं इंजिन, कॉम्प्रेशन उत्तम, बार सरळ, आणि दोन रबरी सीलसाठी ते भंगारात? आमच्याकडे दोन वादळांत, निसर्गनंतर २०२१ च्या तौक्तेतही, शेजारच्या तीन वाड्यांचे रस्ते याच मशीनने मोकळे केले. ते बघून इथल्या चौघांनी तुमचंच मशीन घेतलं, माझ्या शब्दावर. आज त्यांना काय सांगू?

माझी मागणी साधी आहे. सील आणि मजुरीचे ₹१,२३० त्यावरच्या करासह परत करा, न मागितलेल्या कार्बोरेटर किटचेही करा. सील माझ्यासमोर बदला, जुने माझ्या हातात द्या, प्रेशर टेस्ट मला दाखवा, मशीन तापवून आयडलला चेन थांबते हे दाखवा. त्या कामाचे रास्त पैसे मी तिथेच देईन. आणि फोनवर हसलेल्या त्या मुलाला कुणी तरी समजावून सांगा की तो कशावर हसला.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार. पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही, आणि पैसे देऊन घेतलेल्या सेवेबद्दल तक्रार करायला मशीन नवं असावं लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवरही नोंद करणार आहे. बिल, जॉबशीट, फाटलेली पँट आणि दोन्ही रेघांचे फोटो जपून ठेवले आहेत. रेघा अजून तशाच आहेत, तुमचा माणूस येऊन बघेपर्यंत मी त्यांना हात लावणार नाही.

तोवर मशीन पडवीत बंद आहे. विहिरीच्या वाटेवर एक माड झुकलाय, तो पावसाआधी काढायचा होता.

आपला ग्राहक,
(नाव आणि पत्ता जॉबशीटवर आहे)
ता. श्रीवर्धन, जि. रायगड