आठ खुर्च्या गोल मांडायला काय लागतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात मानसिक आरोग्यावरचा लेख वाचला, चांगलाच होता पण सगळा गोळ्या आणि काउन्सेलिंगवर, ग्रुप थेरपीचा एक शब्द नाही, म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी मला लोकलमध्ये पॅनिक अटॅक यायला लागले. पहिला आला तेव्हा फास्ट गाडी कुर्ला सोडून सिग्नलला थांबलेली आणि छाती अशी धडधडली की म्हटलं आटोपला कारभार. ईसीजी नॉर्मल. मग मी फास्ट सोडून स्लो पकडायला लागलो, म्हणजे घाबरलं की पुढच्या स्टेशनला उतरता येतं, आणि उशीर झाला की घरी सांगायचं मेगाब्लॉक होता. बायको म्हणाली, अहो तो रविवारी असतो.

ओपीडीतल्या डॉक्टर चांगल्या होत्या पण बाहेर रांग ही एवढी, पाच मिनिटांत त्या तरी काय करणार. गोळी दिली आणि ग्रुपला पाठवलं. मला रागच आला, चाळीत वाढलेला माणूस मी, चार लोकांत आपली लक्तरं कोण काढणार!

आम्ही आठ जण, प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, दर शनिवारी दीड तास. काउन्सेलर मॅडम स्वतः कमी बोलतात, पण एखादा सुटलाच तर त्याला बरोबर आवरतात (एक काका पहिले दोन शनिवार फक्त सोसायटीच्या सेक्रेटरीवर बोलले). इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा नियम मात्र एकदम कडक. मी तीन आठवडे गप्प. चौथ्यांदा समोरच्या ताई, पायाशी भाजीची पिशवी, म्हणाल्या की गाडी थांबली की मी दांडा धरून मनात स्टेशनं उलटी म्हणते. अहो, मीही तेच करायचो, मुलुंड नाहूर भांडुप, आणि मला वाटायचं हे असलं वेड फक्त आपल्यालाच! त्या दिवशी जे हलकं वाटलं ते काय सांगू.

घरचे ‘घाबरू नकोस’ म्हणाले की मी चिडायचो, पण ज्याला स्वतःला घाम फुटतो तोच म्हणतो की उतरू नका, थोड्या वेळात ओसरतं, तेव्हा पटतं. असं करत करत घाटकोपर ते कुर्ला फास्टने गेलो आणि शनिवारी ग्रुपमध्ये सांगितलं, तर टाळ्या पडल्या.

ही पद्धत निघाली तीच मुळी गरिबांसाठी. १९०५ साली बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी सॅनेटोरियम न परवडणाऱ्या टीबीच्या पेशंटना दर आठवड्याला एकत्र बसवायला सुरुवात केली, औषधपाण्याची शिस्त लागावी म्हणून, आणि एकमेकांना बघून त्यांना धीर यायला लागला. आपल्याकडे डॉक्टर कमी आणि पेशंट जास्त, म्हणजे खरं तर हे आपल्याचसाठी आहे.

सगळ्यांना चालेल असं नाही. माझी गोळीही अजून चालू आहे, आणि जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर ग्रुपची वाट बघू नका, सरळ डॉक्टर गाठा नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे आणि रात्रीही उचलतात.

महापालिकेला एवढंच सांगणं की प्रत्येक वॉर्डात असा एक ग्रुप सुरू करा. एसी नको, हॉल नको, एक शिकलेला काउन्सेलर आणि आठ खुर्च्या. आमच्या इथली शाळा संध्याकाळी सहानंतर कुलूप लावूनच असते.

आपला,
एक वाचक, मुलुंड