आमच्या तळघरातली मोरी

पिट्सबर्ग,
१८ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "एवढा खर्च कशाला" म्हणाले आणि विषय तिथंच संपला, म्हणून लिहायला बसले. पत्रात कुणाला मधे बोलता येत नाही.

बाबा, गेल्या खेपेला तुम्ही संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नव्हतात, हे तुम्ही सांगलीला पोचल्यावर आईकडून कळलं. का, तर रात्री वरच्या बाथरूमपर्यंतच्या चौदा पायऱ्या चढायला लागू नयेत. तुमच्या उशाशी रोज सकाळी भरलेलाच तांब्या दिसायचा आणि मी समजायचे, थंडीमुळे तहान लागत नसेल.

तर तळघरात बाथरूम करतोय. घर उतारावर असल्यानं तळघराचं मागचं दार सरळ परसात उघडतं, एकही पायरी नाही. शेजारची खोली तुमची. जेवायला वर यावं लागेल, ते टळत नाही. पण उजेडात, आणि दोन्ही बाजूंचा कठडा धरून.

आई, तिथला तो उघडा कमोड आठवतो? वॉशिंग मशीनशेजारी, ना भिंत ना दार. बाबा म्हणाले होते, पडदा लावून वापरतो, त्यावर तू त्यांच्याकडे जे बघितलंस! इथल्या जुन्या घरांत असा कमोड इतका दिसतो की त्याचं नावच 'पिट्सबर्ग टॉयलेट' पडलंय. कुणी म्हणतं, पोलाद कारखान्यातले कामगार मागच्या दारानं येऊन खालीच अंग धूत, त्यांच्यासाठी. कुणी म्हणतं, गटार तुंबलं तर घाण वर न चढता तिथूनच बाहेर पडावी म्हणून. मला दुसरं पटतं. इथं बऱ्याच भागात पावसाचं पाणी आणि मैला एकाच गटारातून जातो, आणि जोराचा पाऊस झाला की तो माघारी फिरतो. म्हणून आपण मुख्य लाइनवर उलटं पाणी अडवणारी झडप बसवतोय.

पण त्या कमोडनं काम सोपं केलं. चार इंची बिडाची लाइन फरशीखाली आयतीच आहे. पुढं अंगणात खापरी पाइप आहे. कॅमेरा घालून पाहिला, मुळं शिरलेली नाहीत. गटार फरशीपेक्षा उंचावर असतं तर खड्डा खणून पंप बसवावा लागला असता, आणि लाइट गेली की बसा हातावर हात ठेवून.

बाबा, आता तुमच्या खात्यातलं. ढाळ फुटाला पाव इंच. शॉवरची दोन इंची लाइन बारा फूट, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन इंच उतार. प्रत्येक ट्रॅपला, म्हणजे पाणी साठवून वास अडवणाऱ्या वाकड्या नळीला, हवेची नळी, नाहीतर पाणी ओढलं जाऊन ट्रॅप रिकामा आणि घरभर वास. आमच्या काउंटीत प्लंबिंगचं परमिट आरोग्य खातं देतं, आणि त्यांचा माणूस पाहून जाईपर्यंत चर बुजवायचा नाही. एक कंत्राटदार म्हणाला, "परमिट कशाला, आतल्या आत उरकू." मला तुमची एम.बी., ती मोजमापाची वही, आठवली, मोजल्याशिवाय एक ओळ न लिहिलेली. त्याला चहा पाजून वाटेला लावला.

आई, तू वरची बाथरूम बादलीनं धुतलीस आणि खाली जेवणाच्या टेबलावर ठिबक-ठिबक सुरू झालं, ते जावईबापू अजून पाहुण्यांना रंगवून सांगतात. चूक तुझी नव्हती. इथं बाथरूमच्या फरशीत पाणी जायला बहुधा जागाच ठेवत नाहीत. तेव्हा खाली नहाणी ट्रॅप हवाच, हे मी प्लंबरला तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा चित्र काढून दाखवलं. तो म्हणे, तिथं रोज पाणी पडलं नाही तर ट्रॅप आटतो. म्हटलं, माझी आई येणार आहे, आटणार नाही. तरी नियमाप्रमाणं त्यात आपोआप पाणी सोडणारी बारीक नळी जोडायचीच आहे. शॉवरला उंबरठा ठेवत नाही. नाहीतरी काँक्रीट फोडायचंच आहे, तर तेवढा भाग खोलगट करून घेतो.

मशीन आणि ड्रायर शेजारी शेजारी. एकावर एक ठेवले तर जागा वाचते, पण तुला टाचा उंचावून कपडे काढायला लागतील. वर सलग ओटा, घड्या घालायला. ड्रायरची चार इंची पत्र्याची नळी सरळ बाहेरच्या भिंतीतून काढतोय, कारण वळणावर कपड्यांचा कापूस साठतो आणि पेट घेतो. तुझी सुती पातळं काही त्यात घालणार नाही. छताला दांडी आणि खाली हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र.

खर्चाचा आकडा मुद्दाम लिहीत नाही. आई लगेच त्याला रुपयांनी गुणेल.

आता तुमचं काम. बाबा, टेप घ्या आणि आपल्या मोरीतला नळ जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. इथंही तेवढ्यावरच बादलीचा नळ काढते. स्टुलाची उंचीही हवी. मग स्टुलावर बसा आणि उठताना उजवा हात भिंतीला जिथं आपोआप टेकतो, तिथं आईला खडूनं खूण करायला सांगा. धरायच्या दांडीसाठी भिंतीच्या आत फळी ठोकायची आहे, आणि १० फेब्रुवारीला भिंत बंद होणार. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवलात तरी चालेल, फक्त टेपवरचा आकडा नीट दिसू दे.

तुमची,
मनू