बोटीचं इंजिन भंगारात काढण्याआधी कॉम्प्रेशन तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पूर ओसरला की नादुरुस्त बोटींच्या बातम्या येतात आणि त्यामागोमाग नव्या खरेदीचे प्रस्ताव. मी नांदेडला इंजिन दुरुस्तीचं काम करतो. राजदूत, येझदी, बजाजच्या स्कूटरवर टू-स्ट्रोक शिकलो आणि आता रबरी बोटीच्या मागे लावतात ती ओबीएम (आउटबोर्ड मोटर) इंजिनंही उघडतो. 'कंडम' असा शेरा मारलेल्या इंजिनांपैकी बरीच दुरुस्त होण्यासारखी असतात, हे सांगायला हे पत्र लिहीत आहे.

अलीकडे एका कार्यालयाचं ४० अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन माझ्याकडे आलं. सोबत आलेला माणूस म्हणाला, "उस्ताद, चालू होतंय, पण चार माणसं बसली की बोट पुढंच सरकत नाही. साहेब म्हणले भंगारात द्या." त्याआधी कोणीतरी प्लग बदलले होते, कार्ब्युरेटर दोनदा साफ केला होता. सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणारं कॉम्प्रेशन गेज मात्र कोणी लावलं नव्हतं.

ही तपासणी पाच-दहा मिनिटांची आहे. इंजिन थोडं गरम करायचं, दोन्ही प्लग काढायचे, प्लगच्या वायरी अर्थ करायच्या म्हणजे इग्निशनचं युनिट जळत नाही, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं तर हवा आत कमी जाते आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं. कित्येक शेरे अशा मोजणीवरूनच पडत असावेत, असा मला दाट संशय आहे. आकडा किती आला त्याहून दोन सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. दहा टक्क्यांच्या पुढे गेला की हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, खोलावं लागणार असं समजावं. या इंजिनात वरचं सिलिंडर ११५ पाउंड दाखवत होतं, खालचं ७०.

मग खालच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. काटा १०० च्या वर गेला. ऑइलने फट भरून निघाली, म्हणजे गळती पिस्टनभोवतीच्या रिंगमधून होती. ऑइल टाकूनही काटा हलला नसता तर आधी हेड गॅस्केटकडे पाहिलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक जागा असते, ती गेज दाखवत नाही: क्रँकशाफ्टचे सील आणि रीड व्हॉल्व्ह. इथे पिस्टनच्या खालच्या बाजूलाही दाब तयार व्हावा लागतो. सील फाटला तर बाहेरची हवा आत येते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापतो. म्हणून वरचे आकडे चांगले आले तरी सील तपासल्याशिवाय मी इंजिन परत देत नाही.

हेड उतरवलं. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने ओरखडलेला, वरची रिंग कार्बनने खाचेत चिकटून बसलेली, सिलिंडरच्या भिंतीवर ॲल्युमिनियम फासल्यासारखं. पुष्कळ कारागीर इथेच थांबतात, पिस्टन-रिंग टाकतात आणि बिल करतात. पण पिस्टन तापला कशाने? उत्तर सगळ्यात खाली, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या थोडं वर असलेल्या पाण्याच्या पंपात होतं. ओबीएमला रेडिएटर नसतो. नदीचंच पाणी एक छोटा रबरी इम्पेलर वर ओढतो आणि त्यावर इंजिन थंड राहतं. पुराच्या पाण्यात गोदावरी, आसना, मांजरा किती गाळ आणतात ते आपण दरवर्षी पाहतो. तो गाळ कानशीसारखा इम्पेलर खातो. या इम्पेलरच्या तीन पाकळ्या तुटलेल्या होत्या आणि त्यांचे तुकडे वरच्या वाटेत गाळासकट अडकलेले होते. हे न काढता नवा पिस्टन टाकला असता तर पहिल्याच पुरात तोही जाम झाला असता, तेही बोटीत माणसं असताना.

भिंतीवरचं ॲल्युमिनियम ॲसिडने काळजीपूर्वक काढलं. कधी कधी त्याखाली बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, शाबूत निघतो. इथे ओरखडा खोल होता, म्हणून बोअर मारून ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन बसवला. हे काम ट्रॅक्टरचे बोअर मारणाऱ्या आपल्या लेथवाल्यांकडे होतं, फक्त पोर्टच्या, म्हणजे भिंतीतल्या भोकांच्या, धारा नंतर घासून गोल करायला सांगावं लागतं. धार राहिली तर रिंग तिच्यात अडकून तुटते. रिंगची तोंडंही पिस्टनच्या खाचेतल्या पिनवरच बसली पाहिजेत. वरच्या सिलिंडरची भिंत हलकी घासून (होनिंग) करून नव्या रिंग टाकल्या. हेड सपाट काचेवर एमरी पेपर ठेवून घासून घेतलं, सील, गॅस्केट, इम्पेलर नवे बसवले आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळले. पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये चालवून, पहिल्या टाकीत ऑइल जास्त घालून, थ्रॉटल सबंध न उघडता ते मोकळं केलं. आता दोन्ही सिलिंडर १२० च्या आसपास आहेत.

ऑइलबद्दल कळकळीने सांगतो. बोटीच्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल पंपावरचं मोटरसायकलचं टू-टी ऑइल घालू नका. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं, राख न सोडणारं ऑइल येतं. राख सोडणाऱ्या ऑइलनेही रिंग चिकटतात. आणि पावसाळा संपल्यावर टाकीत पेट्रोल तसंच ठेवू नका. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं, पाणी खाली बसतं आणि पुढच्या वर्षी ऐन गरजेला कार्ब्युरेटरचे जेट चोंदलेले सापडतात.

हे सगळं लिहायचं कारण अंतराचं आहे. एनडीआरएफची आपल्याला जवळची बटालियन पुण्याकडे, एसडीआरएफचे तळ धुळे आणि नागपूरला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ या गावांत रात्रीतून पाणी शिरलं. अशा वेळी पहिल्या तासांत लोकांच्या उपयोगी पडते ती तालुक्यात असलेलीच बोट. तिचं इंजिन त्या रात्री पहिल्यांदा सुरू करून पाहायचं, हे मला सहन होत नाही.

म्हणून मराठवाड्यातल्या सगळ्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षांना आणि अग्निशमन दलांना विनंती आहे. मे महिन्यात प्रत्येक ओबीएम ड्रममध्ये चालवा, बाजूच्या भोकातून पाण्याची धार नीट पडते का पाहा, दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून तारखेसह वहीत लिहा. मागच्या वर्षीचा आकडा शेजारी असला की कोणतं सिलिंडर खचतंय ते पूर येण्याआधीच कळतं. पुरातून बोट परतली की त्याच दिवशी इंजिन स्वच्छ पाण्यावर चालवून गाळ धुऊन काढा. इम्पेलर दरवर्षी बदला आणि एक जादा ठेवा. आकड्यांची नोंद आणि हेड खोलून केलेली पाहणी फाइलला लावल्याशिवाय कोणत्याही इंजिनावर 'कंडम' शेरा मंजूर करू नका.

नांदेड जिल्ह्यातल्या कोणत्याही कार्यालयाने बोलावलं तर मी स्वतःचं गेज घेऊन येईन आणि तिथल्या मुलांना मोजायला शिकवीन. याचे पैसे घेणार नाही.

आपला,
एक इंजिन कारागीर, नांदेड