चिऊचा राग खोडू नकोस

नाशिक,
१२ ऑगस्ट

प्रिय सुमे,

तुझं पाकीट परवा मिळालं. चिऊ वाचलेल्या पुस्तकांवर लिहिते त्या वहीच्या झेरॉक्स पाठवल्यास, फार बरं केलंस. मोबाइलवर फोटो आले असते तर भरभर सरकवून मोकळी झाले असते. काल रात्री जेवणं उरकल्यावर ओट्याशीच उभी राहून वाचायला लागले आणि दूध उतू गेलं.

‘श्यामची आई’वरचं तिचं पान तीनदा वाचलं. ‘श्याम पोहायला घाबरून लपून बसला तर आईने त्याला शींपटीने मारले. मला आईचा राग आला. मी पण पाण्याला घाबरते.’ ‘राग आला’वर पेन्सिल इतकी दाबली आहे की झेरॉक्समध्येही ती अक्षरं काळीकुट्ट उमटली आहेत. आणि खाली, थोडी जागा सोडून, ‘पुढच्या रात्री आई परत आवडली.’ (त्या पुस्तकातलं एकेक प्रकरण म्हणजे एकेक ‘रात्र’.) सुमे, पाचवीतल्या पोरीनं हे लिहिलंय!

आता तुझा प्रश्न. स्पर्धेला पाठवायचं तर बाईंनी ‘आईचा राग आला’ हे वाक्य काढायला सांगितलंय, शेवटी ‘मला काय बोध मिळाला’ असा परिच्छेद हवाय, आणि श्यामच्या आईचा राग आला असं कसं लिहायचं, असं तुलाही वाटतंय. मला विचारशील तर त्या वाक्याला हात लावू नकोस. अख्ख्या पानात चिऊ जर कुठे असेल तर ती तिथेच आहे. जी पोर त्या आईवर रागावते, ती त्या घरात जाऊन आली आहे. ‘आई थोर होती’ हे न वाचताही लिहिता येतं.

मी इतकी हट्टाला का पेटले आहे, ते तुला कधी सांगितलं नाही. सातवीत मला एका पुस्तकाचा परिचय लिहायला सांगितला होता. मी लिहिलं होतं की शेवटची दोन पानं वाचवेनात म्हणून पुस्तक गादीखाली ठेवून दिलं आणि चार दिवसांनी काढलं. वही परत आली तेव्हा त्यावर लाल शाईत ‘अवांतर’ असा शेरा होता आणि खाली नमुना: लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, सारांश, बोध. नमुन्याबरहुकूम लिहून दिलं, दहापैकी आठ मिळाले. त्यानंतर पुढची पंचवीस वर्षं मी पुस्तकांबद्दल एक ओळ लिहिली नाही. वाचत होते, पण वाचलेलं कुणाला सांगावं असं वाटणंच गेलं होतं. आता पुन्हा लिहिते. इथल्या सार्वजनिक वाचनालयातून (१८४० सालचं आहे, तुमच्या कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरापेक्षा दहा वर्षांनी थोरलं!) पुस्तक आणलं की परत करायच्या आदल्या रात्री वहीत पानभर लिहायचं. ती वही कुणाला दाखवत नाही. पण ते पान झाल्यावर जी झोप लागते ती वेगळीच. ती पंचवीस वर्षं चिऊची जाऊ नयेत, एवढंच.

तिला एक गोष्ट मात्र सांग. साने गुरुजींनी ते पुस्तक इथेच, नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरू केलं आणि १३ ला पुरं केलं. पाच दिवस! मनात इतकं साठलेलं असल्याशिवाय असं लिहून होत नाही. चिऊलाही तसंच, साठलं की लिहू दे. आठवड्याला एक पुस्तक, महिन्याला चार परीक्षणं असलं काही लावू नकोस.

शुद्धलेखनाचं म्हणशील तर ‘शिंपटी’ ऱ्हस्व लिहायची हे जरूर सांग, पण दोन दिवसांनी आणि वेगळ्या कागदावर. तिच्या पानावर लाल पेन नको. आणि नुसतं ‘छान लिहिलंस’ही म्हणू नकोस, पोरांना ते लगेच कळतं. तिला विचार, ‘राग आला होता तर पुस्तक मिटलं का नाहीस?’ उत्तर देताना ती स्वतःच आणखी चार ओळी लिहील बघ.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवरचं पान वाचून तर मी एकटीच हसत बसले. ‘ट्टॉक् करून पाहिले, जमले नाही, सुळा पडलाय.’ हेसुद्धा परीक्षणच गं! पुस्तक मिटल्यावर पोरगी आरशासमोर जाऊन जीभ वाजवतेय, याहून मोठी पावती कुठल्या लेखकाला मिळणार? तिला ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही दाखव, १९७१ पासूनचे नेटवर फुकट वाचायला मिळतात.

स्पर्धेला पाठवायचं की नाही ते चिऊलाच ठरवू दे. वाक्य काढूनच पाठवायचं असेल तर राहू दे स्पर्धा.

दिवाळीच्या सुट्टीत भिलारला जाऊ या का? पाचगणीजवळचं ते पुस्तकांचं गाव. २०१७ पासून तिथल्या घराघरांत पुस्तकं मांडून ठेवली आहेत, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचायचं. तुम्ही कोल्हापुराहून साताऱ्यापर्यंत या, मी तिथे भेटते. चिऊला म्हणावं वही आण, मी माझी आणते. माझी पानं आजवर कुणी वाचलेली नाहीत, पहिल्यांदा तिलाच दाखवीन.

घरी सगळ्यांना नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझी,
नाशिककर