नाईक तो नाईकच, पण कार्ड बंद करा म्हणे!

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

माझं आडनाव नाईक. मराठीत ते कधी बदललं नाही. बदललं ते इंग्रजीत. माझा जन्म 1960 चा, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज अमदानीतला. जन्मनोंदीत कारकुनाने आडनाव लिहिलं एन, ए, आय, क्यू, यू, ई. तोच ‘क्यू’ पुढे शाळेच्या दाखल्यावर, नोकरीत, पॅनवर आणि 2003 साली घेतलेल्या क्रेडिट कार्डावर आला. धाकटे दोघे भाऊ मुक्तीनंतरचे, ते साधे ‘के’वाले नाईक. वडिलोपार्जित जमिनीच्या एक-चौदा उताऱ्यावरही (आमच्याकडचा सात-बाराच तो) ‘के’. वाटणीची वेळ आली तेव्हा वकील म्हणाले, एकदाचं सरळ करून टाका. गोव्यात यासाठी 1990 चा नाव व आडनाव बदलण्याचा कायदा आहे. सिव्हिल रजिस्ट्रारकडे अर्ज केला, राजपत्रात नोटीस आली, हरकतींचे तीस दिवस गेले, कोणी हरकत घेतली नाही. बायकोचंही त्यातच उरकून घेतलं. ती म्हणाली, “ह्या पिरायेर आतां बारसो?” (या वयात आता बारसं?)

पॅन आणि आधार निमूट बदलले. पॅनचा नंबर तोच राहतो, फक्त नाव बदलतं. शाखेतलं बचत खातं आठवड्यात झालं. अडलं ते कार्ड.

कार्डासाठी शाखेत कोणी बसत नाही, फोन लावावा लागतो. मी जुनं आडनाव सांगितलं, नवं सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, दोन्ही सेमच आहेत ना?” तिचं तरी काय चुकलं? कानाला दोन्ही सारखेच. मग एक-एक अक्षर उच्चारून सांगितलं. तिने ऑनलाइन फॉर्म पाठवला. त्यात ‘नाव बदलण्याचे कारण’ या रकान्यात दोनच पर्याय: विवाह आणि घटस्फोट. मी पासष्टीचा माणूस, यातलं काय निवडू? ‘विवाह’ निवडून राजपत्राची प्रत जोडली. चार दिवसांनी उत्तर आलं, विवाहाचा दाखला जोडलेला नाही, अर्ज नामंजूर. पुन्हा फोन. या वेळी एक मुलगा होता. त्याने सल्ला दिला, “सर, सोपं करा ना. जुनं कार्ड क्लोज करा, नव्या नावाने अप्लाय करा.”

पत्र लिहायचं कारण हा सल्ला. सोपं म्हणजे कोणाला सोपं?

मी एका खाण कंपनीत हिशेबनीस होतो. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पगार अडले, तेव्हा मुलीची कॉलेजची फी आणि वाण्याचं बिल याच कार्डावर गेलं. पुढे दर महिन्याला पूर्ण बिल भरलं, ‘मिनिमम ड्यू’ (थोडंसं भरा, बाकीवर व्याज द्या) या गोड शब्दाला एकदाही भुललो नाही. बावीस वर्षांचा हा व्यवहार क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे उधारी-परतफेडीच्या नोंदवहीत, नोंदलेला आहे आणि खातं जितकं जुनं तितकं त्याला वजन. ते बंद करून, पगाराची स्लिप नसलेल्या निवृत्त माणसाला तेवढ्याच मर्यादेचं नवं कार्ड कोण देणार? बायकोचं ॲड-ऑन कार्डही (माझ्याच खात्यावरचं जोडकार्ड) त्याच्याबरोबर जाणार. विजेचं बिल, फोन, विम्याचा हप्ता सगळं याच कार्डातून आपोआप जातं, ते एकेक करून पुन्हा बांधायचं. हे त्या मुलाला ठाऊक नसेल, पण त्याला पढवणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

नियम काय म्हणतो तेही सांगतो, कारण माझ्यासारखे ‘क्यू’वाले, प्रभूचे ‘पोरोब’ झालेले, ‘गांवकार’मध्ये ‘सी’ असलेले फोंड्यापासून पेडण्यापर्यंत पुष्कळ आहेत. ओळखपत्र मिळाल्यावर नाव बदललं असेल, तर राज्य सरकारचा विवाहाचा दाखला किंवा राजपत्रातली अधिसूचना जोडली की ते ओळखपत्र ग्राह्य धरायचं, असं रिझर्व्ह बँकेच्या केवायसी (ग्राहकाची ओळख पटवण्याच्या) निर्देशांत स्पष्ट आहे. ‘किंवा’ म्हटलंय, ‘आणि’ नव्हे. हिशेबनिसाला या दोन शब्दांतला फरक कळतो. गंमत अशी की थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याच्या अर्जाला रिझर्व्ह बँकेने कामाच्या सात दिवसांची मुदत दिली आहे, उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये दंड. कार्ड मोडायला घड्याळ लावलेलं, नाव दुरुस्त करायला मात्र आमचा धीर.

शेवटी लेखी तक्रार केली, त्या निर्देशांतलं ते वाक्य उतरवून. तळाला लिहिलं, तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. अकराव्या दिवशी कुरियरवाला नवं कार्ड घेऊन दारात. पाकीट उघडून आधी ‘के’ पाहिला, मग बाकीचं. महिनाभराने क्रेडिट रिपोर्ट काढला. देशात असे रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, तेव्हा पैसे मागणाऱ्या जाहिरातींना फसू नये. रिपोर्टात दोन्ही स्पेलिंगं एकाखाली एक, पॅन एक आणि खातं उघडल्याचं साल 2003. जीव भांड्यात पडला.

बँकांना एवढंच सांगणं आहे की फॉर्ममध्ये ‘राजपत्र’ असा तिसरा पर्याय घाला, आणि फोनवर बसणाऱ्या पोरांना ‘क्लोज करा’ हे पहिलं उत्तर शिकवू नका.

बायकोचा ॲड-ऑन कार्डाचा अर्ज गेल्या सोमवारी भरला. राजपत्र जोडलं, आणि फॉर्म अडू नये म्हणून विवाहाचा दाखलाही. कारणाच्या रकान्यात अजूनही तेच दोन पर्याय आहेत. आम्ही ‘विवाह’ निवडला. लग्नाला 39 वर्षं झाली.

आपला,
एक नाईक (‘के’वाला), फोंडा